कमावलेलं अंग आणि अंगवळणी पडलेलं अंग

मराठीत शरीर 'कमावतात'. पैसा कमावतात, नाव कमावतात, चामडं कमावतात, तसंच शरीरही. कमावलेली वस्तू कच्च्याची पक्की झालेली असते. ती चारचौघांत दाखवता येते, तिचा हिशेब ठेवता येतो आणि ती गमावताही येते. आखाड्यात कौतुकानं म्हणतात, 'पोरानं काय शरीर कमावलंय!' या वाक्यात पोरगा एकीकडे आहे आणि शरीर दुसरीकडे. शरीर ही त्याची मिळकत आहे.

आपल्याच भाषेत दुसराही एक शब्द आहे, 'अंगवळणी पडणं'. सायकल अंगवळणी पडते, भाकरी थापणं अंगवळणी पडतं. इथे मिळकत आणि मालक वेगळे काढता येत नाहीत. जे शिकलो ते अंगातच मुरलेलं असतं. ते फोटोत दिसत नाही, पण करायला घेतलं की कळतं.

हे दोन शब्द शेजारी ठेवण्याचं कारण मोबाइलवर आहे. रोज कुणीतरी आपल्याला सांगतं, 'स्वतःच्या शरीरावर प्रेम करा.' त्याच्या पुढच्याच रीलमध्ये कुणीतरी नव्वद दिवसांत पोट सपाट करून दाखवतं. हल्ली या दोन्ही गोष्टी जोडणारा तिसरा सल्लाही जोरात आहे. आरशात बघू नका, खेळाडूसारखा विचार करा. शरीर कसं दिसतं यापेक्षा ते काय करू शकतं ते बघा. ऐकायला बरं वाटतं. पण खेळाडूची नजर खरंच शरीराबद्दल माया शिकवते का? की तीही कमावण्याचीच दुसरी तऱ्हा आहे?

हा प्रश्न वऱ्हाडात विचारायला विशेष अर्थ आहे. दिवाळीला पुण्याहून घरी आलेल्या पोरीची बॅग खाली ठेवायच्या आत दारातच निकाल लागतो, 'काऊन वं, केवढी वाळली!' नाहीतर, 'लयच भरली बाप्पा अंगानं!' पोरालाही सुटका नाही, 'काय लेका, पोट सुटलं तुयं!' हे मायेनंच बोललं जातं. पण या मायेच्या हातातही तराजू असतो, आणि लग्नाच्या बायोडेटात पोचेपर्यंत त्या तराजूतली माया संपून नुसता आकडा उरतो. दुसरीकडे याच वऱ्हाडातल्या अमरावतीत शरीराकडे पाहण्याची शंभर वर्षांहून जुनी शाळा उभी आहे. तिथूनच सुरुवात करू.

अमरावती ते बर्लिन

श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली अमरावतीत सुरू झालं. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी ते उभं केलं. तो काळ लक्षात घ्या. देश गुलाम आहे आणि 'हिंदी माणूस दुबळा' हे राज्यकर्त्यांचं आवडतं मत आहे. अशा वेळी गावोगावच्या तालमी आणि व्यायामशाळा नुसत्या व्यायामासाठी नव्हत्या. आम्ही दुबळे नाही, हे शरीरानं दिलेलं उत्तर होतं. त्यामुळे त्या काळच्या व्यायामात शरीरावर प्रेम वगैरे भाषा सापडत नाही. शरीर हे साधन आहे. देशासाठी, समाजासाठी, संयमासाठी ते तयार ठेवायचं. देवळातला मारुतीही तेच सांगतो. त्याचं बळ कुणाच्या तरी कामाला लावलेलं बळ आहे.

१९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं तिथे जाऊन कबड्डी, मल्लखांब अशा देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. अमरावतीत ही गोष्ट अभिमानानं सांगतात आणि तो अभिमान रास्तच आहे. पण ही पोरं कुठल्या बर्लिनमध्ये पोचली होती, तेही पाहायला हवं.

ते हिटलरचं बर्लिन होतं. त्याच ऑलिम्पिकवर लेनी रीफेन्स्टालनं 'ओलिम्पिया' हा दोन भागांचा चित्रपट केला, तो १९३८ साली आला. त्याची सुरुवात ग्रीक अवशेषांतून होते. कॅमेरा पुतळ्यांवरून फिरत जातो, थाळीफेक करणारा संगमरवरी पुतळा दिसतो आणि बघता बघता त्याच्या जागी जिवंत खेळाडू उभा राहतो. तंत्र म्हणून ते दृश्य आजही थक्क करतं. पण त्याचा अर्थ नीट वाचला तर अंगावर काटा येतो. आदर्श शरीर आधीच ठरलेलं आहे, दगडात कोरून ठेवलेलं आहे आणि जिवंत माणसानं त्याच्याशी जुळायचं आहे. जो जुळत नाही त्याचं काय करायचं, याचं उत्तर त्याच राजवटीनं अपंग आणि आजारी माणसांना ठार मारून दिलं. सुसान सोनटॅगनं १९७५ सालच्या 'फॅसिनेटिंग फॅसिझम' या लेखात रीफेन्स्टालच्या एकूण कामातली ही शरीरपूजा उलगडून दाखवली आणि सुंदर चित्रांमागच्या विचाराला सूट द्यायला नकार दिला.

तेव्हा खेळाडूची नजर ही आपोआप निर्मळ नसते, हे पहिलं. खेळाच्या मैदानातूनच शरीराची सगळ्यात क्रूर पूजाही जन्माला आली आहे. जिमच्या भिंतीवरचा, डोकं कापलेला, नुसत्या पोटाचा फोटो हा त्या पुतळ्याचाच दूरचा नातलग आहे.

खांबावर आरसा नसतो

पण अमरावतीच्या पोरांनी बर्लिनला नेलेला मल्लखांब नीट पाहिला तर त्यात वेगळी नजर दिसते. मल्लखांबाचं आजचं रूप पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी घडवलं, असं मानतात. कुस्तीगिराचा सराव म्हणून खांब आला आणि पुढे तो स्वतंत्र खेळ झाला. जमिनीत रोवलेला सागाचा किंवा शिसवाचा गुळगुळीत खांब, त्याला लावलेलं एरंडेल, वर बोंड, त्याखाली मान, मग अंग. लाकडालाही मान आणि अंग देणारी ही भाषा आहे.

नवख्याला पहिली शिकवतात ती अढी. हातांनी खांब धरून पाय वर टाकायचे आणि उलटं होऊन मांड्या-पायांच्या कैचीत खांब पकडायचा. सांगायला एक ओळ. करायला गेलं की पहिल्यांदा कळतं, की मांडीच्या आतल्या कातडीलाही काम असतं. ज्या मांड्या 'जाड' किंवा 'काटकुळ्या' म्हणून आजवर लपवल्या, त्यांच्याकडे खांब फक्त पकड मागतो. पुढे पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरायची वेळ येते. अंगठ्याच्या या बेचक्याचा विचार आपण जन्मात कधी केलेला नसतो. बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, ताजवा ही नावं ऐका. एकही नाव शरीराच्या आकाराचं नाही. काही नावं अवयवाची आहेत, काही हालचालीची, तर काही रोजच्या वस्तूंची. सुईत दोरा ओवावा तसं शरीर स्वतःतून ओवून काढायचं, म्हणून सुईदोरा.

बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या दहा खंडी 'व्यायाम ज्ञानकोशा'चा पसारा आठवला तरी हेच जाणवतं. कुस्ती, मल्लखांब, लाठी, शस्त्रविद्या अशा कृतींभोवती तो रचला आहे. मराठी माणसानं शरीरावर एवढा मोठा ग्रंथ केला, तेव्हा त्याला शरीर हे क्रियापद वाटलं.

जिममध्ये चारही भिंतींना आरसे असतात. खांबावर आरसा नसतो. उलटं लटकलेल्या माणसाला स्वतःचा चेहरा दिसत नाही. त्याला दिसते आखाड्याची माती, तीही डोक्यावर. शरीराची जाणीव तेव्हा डोळ्यांकडून कातडीकडे, सांध्यांकडे, श्वासाकडे सरकते. अंगवळणी पडणं म्हणतात ते हेच.

इथे थोडा प्रामाणिकपणाही हवा. मल्लखांब सगळ्या शरीरांशी सारखा वागत नाही. हलक्या, लवचीक शरीराला तो लवकर साधतो. मुलींना अनेक वर्षं दोरीचाच मल्लखांब दिला गेला आणि पुरलेला खांब मुलांचा मानला गेला. म्हणजे या परंपरेतही कुणाचं शरीर कुठे शोभतं याचे नियम होते. ते मोडले माणसांनी. मुंबईच्या उदय देशपांडे यांनी दिव्यांग, अनाथ, आदिवासी मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत मल्लखांब नेला आणि २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खांब तोच राहिला, फक्त 'हे तुझं काम नाही' असं सांगणारं कुणी मध्ये उरलं नाही.

तीन चित्रपट, तीन शरीरं

आता पडद्याकडे येऊ. कारण शरीराबद्दलची आपली आजची भाषा आखाड्यापेक्षा पडद्यावरच जास्त घडते.

सचिन कुंडलकरांचा 'वजनदार' (२०१६) हा या विषयाला थेट हात घालणारा मराठी चित्रपट. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट पाचगणीतल्या दोन मैत्रिणी आहेत आणि वजन कमी करण्याचे त्यांचे खटाटोप सुरू आहेत. मराठीत नायिकेच्या वजनाची गोष्ट विनोदी सहायक पात्राकडून काढून मध्यभागी आणली, याचं श्रेय या चित्रपटाला द्यायलाच हवं. पण त्याची अडचण त्याच्या उत्तरात आहे. व्यायाम इथे मुख्यतः फजितीसाठी येतो आणि स्वीकार हा शेवटी घेतलेला निर्णय म्हणून येतो. म्हणजे आधी शरीराशी भांडण आणि मग शरीराला माफी. या दोन्हींच्या मधलं काहीतरी, शरीरानं केलेली एखादी गोष्ट, तिचा आनंद, तिची लय, हे फारसं हाती लागत नाही. शरीर आवडून घ्यायचं ठरवलं, म्हणून आवडू लागलं, असं सहसा होत नाही. माणूस आवडायलाही त्याच्यासोबत काही करावं लागतं. योगायोग असा, की चित्रपट आला तेव्हा सगळ्यात जास्त चर्चा झाली ती नायिकांनी भूमिकेसाठी वजन वाढवल्याची. स्वीकाराच्या गोष्टीची जाहिरातही शेवटी वजनकाट्यावरच उभी राहिली.

'चंदू चॅम्पियन' (२०२४) हा कबीर खानचा हिंदी चित्रपट मुरलीकांत पेटकरांवर आहे. पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात मुष्टियोद्धा होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पोहणं उपचार म्हणून आयुष्यात आलं आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकलं. देशाचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडलं. शरीराकडे 'काय उरलंय' असं न बघता 'काय करता येईल' असं बघणं म्हणजे काय, याचं याहून लख्ख उदाहरण मराठी मुलखात शोधून सापडायचं नाही.

आणि हा चित्रपट लोकांपर्यंत कसा पोचवला गेला? पहिलं पोस्टर लंगोटातल्या, चिखलानं माखलेल्या, पीळदार कार्तिक आर्यनचं. पाठोपाठ त्याचा आधीचा आणि नंतरचा फोटो, शरीरातली चरबी ३९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणल्याच्या आकड्यासह. नटाच्या मेहनतीबद्दल तक्रार नाही, ती दिसते. पण एका लुळ्या पडलेल्या शरीराच्या विजयाची गोष्ट विकायला एका सुदृढ शरीराचे आधी-नंतरचे फोटो लागावेत, यात आपल्या काळाचं पूर्ण निदान आहे. पेटकरांचं शरीर अंगवळणी पडलेलं होतं, पाणी त्याच्या सवयीचं झालं होतं. आपल्याला विकलं गेलं ते कमावलेलं शरीर.

तिसरा चित्रपट विदर्भातला, नागराज मंजुळेंचा 'झुंड' (२०२२). नागपूरच्या विजय बारसेंच्या झोपडपट्टी फुटबॉलवर बेतलेला. खेळाच्या चित्रपटात हमखास येणारी गोष्ट इथे नाही. गाण्याच्या तालावर जोर काढणारे, हळूहळू पीळदार होत जाणारे दंड मंजुळे दाखवत नाहीत. पावसात प्लास्टिकच्या डब्याला लाथा मारणारी पोरं सुरुवातीला जशी काटक आणि काळीसावळी असतात, तशीच शेवटपर्यंत राहतात. त्यांचं शरीर बदलत नाही. त्या शरीराला पहिल्यांदा मैदान मिळतं.

आणि तरीही मंजुळे आपल्याला स्वस्तात सोडत नाहीत. खेळून आत्मसन्मान मिळालेला डॉन विमानतळावरच्या तपासणीत पुन्हा पुन्हा अडतो. त्याच्याकडे बघणारी नजर अजून जुनीच आहे. 'स्वतःवर प्रेम करा' हा सल्ला जिथे थिटा पडतो ती जागा मला याच प्रसंगात दिसली. आपलं शरीर आपल्याला आवडलं म्हणून जगाची नजर बदलत नाही. कातडीचा रंग, वस्ती, कपडे, आडनाव यांवरून ज्यांचं शरीर रोज तपासलं जातं, त्यांना आरशासमोर उभं राहून स्वतःची स्तुती करायला सांगणं ही थट्टा आहे. त्यांना आधी मैदान हवं आणि फाटकावर अडवणारं कुणी नको.

आकडा: जागा की फास

शरीराचा विचार करताना आपण सगळ्यात जास्त ज्याला घाबरतो तो म्हणजे वजनाचा आकडा. खेळात याच आकड्याचे दोन टोकांचे अर्थ सापडतात.

मुष्टियुद्ध घ्या. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला, मूळ बुलढाणा जिल्ह्यातला अनंत चोपडे २०१९ साली इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये ५२ किलो गटात सुवर्णपदक जिंकतो. बावन्न किलोचा जवान पोरगा आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीत 'जरा किरकोळच आहे' ठरेल. रिंगणात मात्र बावन्न ही त्याची जागा आहे. तिथे त्याच्याच मापाचा प्रतिस्पर्धी आहे, नियम आहेत, पंच आहे. शेजारी साठची जागा आहे, पंचाहत्तरची आहे, नव्वदच्या पुढचीही आहे. वजनगट ही मला खेळानं लावलेली फार सुंदर कल्पना वाटते. प्रत्येक वजनाला लढायला जागा देणारी, कुठल्याच वजनाला शिक्षा न करणारी.

आणि हाच आकडा फासही होतो. ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम सामन्याआधी १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. रात्रभर व्यायाम, घाम, केस कापणं, सगळं करून झालं होतं. दोनच दिवसांनी अमन सेहरावतला कांस्यपदक मिळालं आणि त्यानं लढतीआधी दहा तासांत सुमारे साडेचार किलो वजन उतरवल्याची बातमी जिद्दीची कथा म्हणून सगळीकडे फिरली. दोघांच्याही शरीरावर त्या रात्री गुजरलं ते सारखंच. एकाला आपण शौर्य म्हणालो आणि एकीला शोकांतिका. फरक होता फक्त शंभर ग्रॅमचा. त्या रात्रींबद्दलच प्रश्न विचारायला हवा होता, तो आपल्यातल्या फार थोड्यांनी विचारला.

म्हणून 'खेळाडूसारखा विचार करा' या सल्ल्यावर बारीक अक्षरात एक सूचना छापायला हवी. पुरेसं न खाता सराव करत राहिलेल्या खेळाडूंची हाडं ठिसूळ होतात, मुलींची पाळी थांबते, मन खचतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेला नावही दिलं, 'खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता'. जिम्नॅस्टिक्ससारख्या, दिसण्याला गुण असणाऱ्या खेळांत आणि वजनगटांच्या खेळांत खाण्याशी नातं बिघडण्याचा धोका जास्त असतो. पाळी थांबली तर 'सराव नीट चाललाय' असं समजणाऱ्या मुली असतात. ते लक्षण आहे आणि डॉक्टरांना दाखवायचं असतं, एवढं तरी प्रत्येक मैदानावर मोठ्यानं बोललं गेलं पाहिजे.

'करू शकतं' म्हणजे नक्की काय

शरीराबद्दलची कृतज्ञता मोजता येते का, यावर मानसशास्त्रात काम झालं आहे. ट्रेसी टिल्का आणि निकोल वुड-बारकालो यांची दहा विधानांची मापनपट्टी २०१५ साली आली. शरीराबद्दल आदर वाटतो का, त्याच्या गरजांकडे लक्ष असतं का, अशा अंगानं ती जाते. त्याच सुमारास जेसिका ॲलेव्हा यांनी एक साधा लेखनप्रयोग केला. स्त्रियांना पंधरा-पंधरा मिनिटं, तीन वेळा, आपलं शरीर काय काय करतं याविषयी लिहायला सांगितलं. आकाराबद्दल अवाक्षर नाही. लिहिणाऱ्यांचं आपल्या शरीराबद्दलचं समाधान वाढलं.

मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती 'करू शकतं'ची व्याख्या. त्यांनी ती धावणं-उचलण्यापुरती ठेवली नाही. पचन, जखम भरणं, वास, स्पर्श, गाणं, मिठी, झोप, समोरच्याशी बोलणं हे सगळं शरीराचं कर्तृत्व मानलं. व्याख्या एवढी रुंद नसती, तर 'काय करता येतं' हा प्रश्न 'कसं दिसतं' या प्रश्नाइतकाच निर्दय झाला असता. आजारी माणूस, म्हातारा माणूस, गरोदर बाई यांना त्यानं पहिल्याच फेरीत बाद केलं असतं.

याचा दाखला अमरावतीतच आहे. ज्या गावात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, त्याच गावात १५ एप्रिल १९३२ ला सुरेश भट जन्मले. लहानपणी पोलिओ झाला, एक पाय कायमचा अधू झाला. पुढे हाच माणूस तरन्नुममध्ये गझल म्हणायला लागला की सभागृह स्तब्ध व्हायचं. छाती, घसा, श्वास, आवाज हेही शरीरच आहे. बळाची व्याख्या आखाड्यापाशी थांबली, तर वऱ्हाडातलं एक मोठं बळ मोजायचंच राहून जातं.

आणि एक शरीर अजून मोजायचं राहिलं आहे. दिवाळीच्या मागंपुढं अमरावती-अकोल्याच्या कुठल्याही रस्त्याला लागलात की पांढऱ्या शेतांत वाकलेल्या बाया दिसतील. कापूस वेचणारी बाई दिवसभर कमरेत वाकते, दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करत जाते, कमरेच्या ओटीत कापूस साठवत सरकते, आणि संध्याकाळी काट्यावर वजन होतं. तिचं नव्हे, कापसाचं. मजुरी किलोवर. ही ताकद, ही चिकाटी, बोटांची ही नजाकत कुठल्याही खेळाडूच्या तोडीची आहे. पण तिला 'फिट' कुणी म्हणत नाही. कमावलेल्या शरीराच्या आपल्या कल्पनेत मजुरीनं घडलेलं शरीर बसतच नाही. त्यासाठी महिन्याची फी भरलेली असावी लागते. खेळाडूला सरावानंतर विश्रांती, मालीश, खुराक मिळतो. वेचणाऱ्या बाईला घरी जाऊन भाकरी थापायची असते. तिला 'शरीरावर प्रेम कर' असं सांगणाऱ्यानं आधी तिच्या कंबरदुखीची आणि मजुरीच्या दराची चौकशी करावी. शरीराचा सन्मान ही गोष्ट मनात सुरू होत असेल, पण ती मनातच संपत नाही.

मग उरतं काय

एवढी चिरफाड केल्यावर खेळाडूची नजर टाकून द्यायची का? अजिबात नाही. भारती फुलमाळी अमरावतीतून निघून २०१९ साली भारताच्या टी-ट्वेन्टी संघात पोचली. तिची पिढी आणि तिच्या मागून येणाऱ्या मुली भल्या पहाटे मैदानावर जातात तेव्हा त्या एक जुनं गणित मोडत असतात. त्या ऊन्हात रापतात, खांदे रुंद होतात, ढोपरं फुटतात. बायोडेटाच्या भाषेत हे सगळं नुकसान आहे. त्यांच्या भाषेत ती नोंदवही आहे. कुठला व्रण कुठल्या झेलाचा, हे त्यांना तोंडपाठ असतं. स्वतःच्या शरीराचा इतिहास असा माहीत असणं ही मला शरीरावरच्या प्रेमाची सगळ्यात विश्वासार्ह खूण वाटते. त्यात ना फोटो लागतो, ना घोषवाक्य.

फक्त खेळातून नेमकं काय उचलायचं, हे निवडावं लागेल. पुतळ्याशी जुळवून घेणं सोडायचं, वजनगटाचा उदारपणा घ्यायचा. काट्यावरची रात्र सोडायची, सरावाची सकाळ घ्यायची. खेळाडूची एक सवय तर आपण सगळ्यांनीच चोरावी अशी आहे. चांगला खेळाडू दुखण्याकडे माहिती म्हणून बघतो. शरीर काहीतरी सांगतंय, तर ऐकून घेतो. आपण मात्र शरीराला एकतर हुकूम सोडतो, नाहीतर त्याची लाज बाळगतो. त्याचं ऐकून घेणारे थोडे.

मायेनं बोलणाऱ्या आपल्या माणसांकडूनही थोडी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. येत्या दिवाळीला पोरगी दारात उभी राहील, तेव्हा तिच्या अंगावरून नजर फिरवून 'वाळली' की 'भरली' हे ठरवण्याआधी दुसरंही काही विचारता येईल. 'काय खेळतं बाई हल्ली?' 'झोप लागते का?' 'पायऱ्या चढताना दम तर नाही ना लागत?' हेही मायेचेच प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं देताना पोरीला पोट आत ओढून उभं राहावं लागत नाही.